इलियास म्हणे

"…मग ती चादर टाकून पळालेला पोरगा कोण, बुवा?"

यशयाबुवांनी चिंच फोडली. चिंचोके एका बाजूला टाकले, गर टोपलीत.

"कोन का आसंना," ते म्हणाले. "पळाला न्हवं? सुटला बिचारा."

असलं उत्तर इलियासला नको होतं. तो ओट्यावरून उठला, अंगणात चक्कर मारून आला, बसला आणि पुन्हा उठला. सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती.

बुवांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरी चिंच घेतली.

यशयाबुवा गाडेकर हे प्रवरेकाठचे जुने कीर्तनकार. फेटा, उपरणं, गळ्यात वीणा, मागे टाळकरी, सगळं कुठल्याही कीर्तनकारासारखंच. फक्त गायचं ते येशूचं चरित्र. तिथल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये ही चाल आजोबा-पणजोबांपासूनची. वय झालं तसा बुवांचा आवाज पिचला, आणि गेली काही वर्षं त्यांच्या जागी त्यांचा शिष्य इलियास पाटोळे उभा राहू लागला. दिवसा शाळामास्तर, संध्याकाळी कीर्तनकार. गळा गोड, पाठांतर दांडगं, आणि नाक थोडं वर.

पोर गुणी होतं, त्यात वाद नाही. पण आपण गुणी आहोत हे त्यालाही जरा लवकरच कळलं होतं.

उद्या मेळा होता. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, झाला की दरवर्षी तो भरतो. आसपासच्या सगळ्या गावांची मंडळी जमणार होती, आणि त्यांच्यापुढे इलियास मार्काचं चरित्र गाणार होता. येशूच्या चरित्राचं पुस्तक, शुभवर्तमान, लिहिणारा तो मार्क. त्याच्यावर कुणी आख्यान रचल्याचं इलियासच्या ऐकिवात नव्हतं, म्हणून त्यानं ते रचायला घेतलं आणि दीड वर्ष त्यात खपला. मिळतील ती पुस्तकं वाचली, चर्चच्या पाळकसाहेबांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. शेवटी व्हायचं तेच झालं. जितकं वाचलं तितका मार्क हातातून निसटत गेला.

येशूला धरलं त्या रात्री एक तरुण अंगावर नुसती चादर घेऊन मागोमाग गेला. शिपायांनी त्याला पकडलं तेव्हा चादर त्यांच्या हातात सोडून उघडाच पळाला. ही गोष्ट एकट्या मार्काच्या पुस्तकात आहे, आणि तिथे त्या पोराचं नाव नाही. म्हणून जुनी माणसं म्हणतात, तो मार्कच. दुसरे म्हणतात, छे, मार्क म्हणजे यरुशलेमातल्या मरीयाबाईचा मुलगा; येशूचा धर्म सांगत फिरणाऱ्या पौलाबरोबर मोठ्या हौसेनं प्रवासाला निघाला आणि अर्ध्या वाटेवरून घरी परतला. पौलानं मग त्याला पुन्हा बरोबर घेतलं नाही. तिसरे म्हणतात, तो येशूच्या पट्टशिष्याचा, पेत्राचा लेखनिक. पेत्रानं सांगायचं, यानं आठवून आठवून लिहायचं. आणि जास्त शिकलेले म्हणतात, मार्क हे नाव त्या काळी पैशाला पासरी मिळायचं. कुठला मार्क, कोण जाणे.

"उद्या उभा राहून सांगू काय मी?" इलियास म्हणाला. "हा तो, की तो हा?"

"तुला त्याचा पत्ता कशापायी पायजे? पत्र धाडायचंय?"

इलियास हसला नाही.

"चरित्र गायचं म्हणजे माणूस तर हवा ना, बुवा. हा सापडतच नाही. एवढं पुस्तक लिहिलं आणि आत कुठं स्वतःचं नाव नाही. वरचं नाव मागाहून लोकांनी लावलं म्हणतात. आणि तेही धड लावलं नाही. लिहिलं यानं, पण बोल पेत्राचे, असं सगळे सांगतात. म्हणजे रात्र रात्र दिवा जाळून लिहिणारा हा, आणि…"

तो थांबला.

"आनि?"

"…आणि नाव पेत्राचं."

बुवांचा हात थांबला.

"ह्ये मार्काचं दुखनं सांगतोस, का तुझं?"

मेळ्याची जाहिरात करणारी रिक्षा तेवढ्यात बोळात शिरली. भोंगा इतका मोठा की बुवांच्या दारातली कोंबडी उडून कुंपणावर बसली. सुप्रसिद्ध कीर्तनकार यशयाबुवा गाडेकर यांचं नवं कोरं आख्यान, मार्कचरित्र, असं भोंगा सांगत होता. सादर करतील त्यांचे शिष्य. तरी सर्वांनी वेळेवर यावं.

रिक्षा पुढे गेली. इलियासचे कान लाल झाले होते.

नवं कोरं आख्यान यशयाबुवांचं. आणि ज्यानं रचलं तो नुसताच त्यांचा शिष्य, त्याला नावदेखील नाही. बरं, ही काही पहिली वेळ नव्हती. त्यानं रचलेला नाताळचा पाळणा गावोगावच्या बायका म्हणायच्या आणि शेवटी 'यशया म्हणे' असं खुशाल जोडायच्या. एका आजीबाईंना त्यानं दुरुस्त करून पाहिलं. तर त्या म्हणाल्या, मास्तर, बुवांचा पाळणा आता तुम्ही आम्हाला शिकवता होय?

हे दीड वर्षाचं काम तरी आपल्या नावावर लागावं, एवढंच त्याला हवं होतं. उद्या बुवांनी मंचावरून एकदा सांगायचं, की हे आख्यान इलियासचं आहे. बुवांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग जन्मात कुणी शंका घेतली नसती. आणि बुवा उद्या गप्प राहिले, तर तेही जन्माचंच झालं असतं. हे मागायला तो भर उन्हात आला होता आणि मघापासून मार्काच्या आडून बोलत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

"माझंच आहे," तो शेवटी म्हणाला. "दुखणं माझंच आहे, बुवा."

एकदा तोंड उघडल्यावर मग त्याला आवरेना. पाळण्याचं सांगितलं, आजीबाईंचं सांगितलं, रिक्षावाल्याला काल कसं समजावलं आणि त्यानं कसं हसून वाटेला लावलं तेही सांगितलं. बोलता बोलता असंही बोलून गेला की या आख्यानातला एक शब्दही बुवांनी दिलेला नाही, सगळं मी माझ्या डोक्यातून काढलंय. ते बोलल्यावर त्याची त्यालाच भीती वाटली. ज्या माणसानं सा लावायला शिकवलं त्याच्यापुढे तो हे बोलत होता.

बुवा ऐकत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"शेवटला अभंग म्हन," ते म्हणाले.

इलियासनं पिशवीतून टाळ काढले. उभ्यानंच म्हटला. चाल चांगली होती आणि गळा तर होताच. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. तिथं पोचल्यावर त्याचा आवाज जरासा चढलाच.

"इलियास म्हणे । ऐसा तो लेखक । पेत्राचा सेवक । धन्य झाला ॥"

बुवांनी मान हलवली. ती पसंतीची होती की नुसतीच हलली, हे कळायला मार्ग नव्हता.

"सांगतो की," ते म्हणाले. "उद्या म्याच वर चढून सांगतो. ह्ये समदं इलियासचं. माझा येक सबुद न्हाई त्यात."

दार जोरानं ढकलायला जावं आणि ते उघडंच असावं, तसा इलियास पुढे कोलमडला. भांडायची सगळी तयारी वाया गेली. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटेना. तो पुन्हा अंगणात फिरू लागला.

"पन येक प्रसंग कमी हाय," बुवा मागून म्हणाले.

इलियास गर्रकन वळला. कमी कसा असेल? चादरीचा होता, मरीयाबाईच्या घराचा होता, पौलाच्या भांडणाचा तर गाऊन गाऊन घासून गुळगुळीत केलेला होता. त्यानं एकेक करून बुवांना ऐकवले.

बुवांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारलं, "येशूला आत न्हेलं, तवा पेत्र वाड्याच्या चौकात शेकोटीपाशी बसला व्हता. मोलकरनीनं इचारलं, तू बी त्याच्यातलाच का? पेत्र म्हनला, न्हाई. तवा मार्क व्हता का तिथं?"

"नाही."

"मंग त्याला कुनी सांगितलं?"

"पेत्रानंच सांगितलं असणार. आपलं म्हणावं असं दुसरं कुणी तिथं नव्हतंच."

"मार्कानं गाळलं का?"

"नाही. सगळं आहे. मी त्याला ओळखत नाही, अशी पेत्रानं शपथ वाहिली, तेसुद्धा आहे."

"व्हय…"

बुवांनी हातातली चिंच न फोडताच खाली ठेवली.

"मंग माझा बी घाल," ते म्हणाले.

"काय घालू?"

"तालुक्याचं."

इलियासचे पाय त्या दिवशी पहिल्यांदा थांबले.

तालुक्याचं म्हणजे काय, ते त्या दोघांखेरीज गावात कुणाला माहीत नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठलंसं कीर्तन आटोपून दोघं परत येत होते आणि तालुक्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसले होते. बुवांच्या डोक्याला फेटा, इलियासच्या मांडीवर टाळांची पिशवी. तेवढ्यात एक गृहस्थ घामाघूम होऊन धावत आले. मैदानावर कीर्तन महोत्सव चालू होता, मांडव माणसांनी भरला होता आणि त्या दिवशीचे बुवाच आले नव्हते. गृहस्थांनी फेटा पाहिला आणि यशयाबुवांचे पाय धरले. आमची अब्रू वाचवा, म्हणाले.

चालता चालता त्यांनी नाव विचारलं.

बुवा क्षणभर थांबले होते. मग म्हणाले, यशवंतबुवा.

खरं नाव सांगितलं असतं तरी कदाचित त्या भल्या माणसानं त्यांना उभं केलं असतं. कदाचित नसतंही केलं. ते कळायला बुवांनी जागाच ठेवली नाही. एवढा मोठा मांडव त्यांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो हातचा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

लहानपणी ऐकलेलं हरिश्चंद्राचं आख्यान त्यांनी लावलं. पूर्वरंग असा रंगला की माणसं जागची हलेनात. मधल्या वेळात बुवा पडद्यामागे येऊन बसले, तर चहा देणारी बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. बुवा, तुम्ही आमच्या मंडळीत आला होता, ती म्हणाली. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तुम्हीच गायलात. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की इलियासला तो अजून दिसत असे.

ते गृहस्थ हार घेऊन शेजारीच उभे होते.

न्हाई बाई, बुवा म्हणाले, तुमची काई तरी गल्लत व्हतीया.

बाई पेला ठेवून निघून गेली. बुवांच्या गळ्यात हार पडला आणि उत्तररंगाला मांडवातल्या लोकांचे डोळे पाणावले. परतीच्या एस.टी.त बुवा एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरही कधी नाही. इलियासनंही कधी विषय काढला नाही.

"ते मी गाणार नाही," इलियास म्हणाला.

बुवा पुन्हा चिंचा फोडू लागले.

इलियासनं नाना परीनं समजावलं. लोक म्हणतील, शिष्यानं गुरूची अब्रू वेशीवर टांगली. या वस्तीतल्या पोरांना, कुणी नाव विचारलं तर मान वर करून सांगा, असं तुम्हीच शिकवलंत, आता त्यांना काय वाटेल? उभ्या जन्माची पुण्याई एका संध्याकाळी मातीत जाईल. बुवांवर त्याचा राग कितीही असला तरी जीवही तितकाच होता, आणि हे त्याला त्या वेळी फार लागलं.

"आणि उद्या ती बाई मेळ्याला आलेली असली तर?"

"आली आसंल तर बरंच," बुवा म्हणाले. "तिनंच ऐकाया पायजे."

"मग राहू द्या, बुवा. माझं नावच सांगू नका. आख्यान तुमच्याच नावावर असू द्या."

"नाव तुझंच सांगनार. सबुद दिलाय."

"मी नाव मागितलं म्हणून शिक्षा देताय का मला?"

"शिक्षा कसली…" बुवांनी टोपली बाजूला सारली. "तू व्हतास तिथं. मार्काला नुसतं ऐकून लिव्हावं लागलं."

सरळ घरी जावं, असं इलियासच्या मनात आलं. मेळा गेला उडत. वहाणा पायात सरकवल्या, अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळत राहिला. ऊन चटके देत होतं. त्याला बुवांचा संताप आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

पण रचणाऱ्याची खोड वाईट. त्याच्यासमोर नुसता प्रसंग टाकायचा अवकाश, चरण आपोआप गोळा व्हायला लागतात. नको नको म्हणताना ती बाई त्याच्या डोळ्यांपुढे आली. तिच्या हातातला पेला आला. त्यानं डोकं झटकून पाहिलं. मग टाळ कधी हातात आले, ते त्यालाही समजलं नाही.

तो पाठमोराच गुणगुणला.

"चहाचा तो पेला । हाती घेई माय ।
पुसे, बुवा काय । आपलेच? ॥"

मागे चिंचा फोडायचा आवाज नव्हता. इलियास वळला. बुवा मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते.

तिथं थांबायला हवं होतं. थांबता आलं नाही.

"गुरू माझा म्हणे । ओळख ना बाई ।
गळा हार घेई । फुलांचा तो ॥"

बुवांनी मान वर केली नाही. दीड वर्षांत रचलेल्या सगळ्या आख्यानात यासारखी जागा एकही नव्हती, आणि हे इलियासला गातानाच उमगलं. ते कळून त्याला आनंद झाला नाही. तरी पुढचं कडवं आलंच. हे त्यानं मनात जुळवलेलं नव्हतं. आधी तोंडातून गेलं, आणि मग त्यानं ते ऐकलं.

"टाळ धरूनिया । उभा होतो मीही ।
बोललो ना काही । त्याही क्षणी ॥"

आता मुद्रेची जागा आली.

'इलियास म्हणे' हे शब्द अभंगाच्या चरणात अगदी मापात बसतात. जणू आई-बापांनी नाव ठेवतानाच अभंग मोजला होता, असं तो मित्रांना हसत हसत सांगत असे. चाल त्याच शब्दांची वाट बघत होती. त्यानं टाळ वाजवले. पुन्हा वाजवले. चरण रिकामाच गेला.

"थांबलास?" बुवांनी विचारलं.

इलियासनं टाळांची दोरी बोटाला गुंडाळली.

"मुद्रा घाल की."

इलियासनं परत येऊन टाळ ओट्यावर ठेवले आणि बुवांच्या पायाशी खाली बसला. एवढा वेळ उभा असलेला माणूस असा एकदम बसला.

"उद्या गाईन, बुवा," तो म्हणाला. "सगळं गाईन. पण इथं माझं नाव नको."

बुवांचे डोळे भरले होते. ते त्यांनी पुसले नाहीत. हात मात्र धोतराला पुसले आणि इलियासच्या पाठीवर ठेवले.

"मार्कानंबी घातलं न्हाई," ते म्हणाले.